चोराची खुर्ची

"मी चहा घेऊन येणार," रेवण म्हणाला. "एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत ग्लास. डेपोच्या फाटकावर चहावाल्याला कुणी ओळखपत्र विचारत नाही."

"बरं. मग?" हेमंतनं विचारलं.

"मग काय, ड्रायव्हर चहा प्यायला खाली उतरणार. मी ग्लास गोळा करायला वर चढणार. स्टीअरिंगच्या खाली तुम्ही मेकॅनिकसाठी सॉकेट ठेवलंय, त्यात बसचा ताबा घेणारी माझी डबी खोचणार आणि उतरणार. जाताना चहाचे पैसे मागून घेणार. न मागता गेलो तर त्याला संशय येईल."

खोलीत हशा पिकला. हेमंत धर्माधिकारी आमच्या सॉफ्टवेअरचा प्रमुख. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, कारण ते सॉकेट उघडं ठेवायचा निर्णय त्याचाच होता.

"घ्या लिहून मॅडम," तो मला म्हणाला. "सॉकेटला झाकण आणि झाकणाला कुलूप. या माणसाला एकदा घरी जेवायला बोलवायचं माझ्या मनात होतं, आता रद्द."

ही चाकणजवळच्या आमच्या बस कारखान्यातली गोष्ट. मी तिथं लागले तेव्हा अख्ख्या विभागात एकटी बाई होते आणि माझ्यासाठी स्वच्छतागृह बांधायला त्यांना वर्ष लागलं. पुढं जन्मभर मी ब्रेकवर काम केलं. ब्रेक कशानं निकामी होतो ते मला पाठ होतं. रबर झिजतं, तेल गळतं, पाइप चिरतो. कुणी माणूस लांब कुठंतरी बसून मुद्दाम तो निकामी करेल, असं आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण मी निवृत्त होईपर्यंत बसमध्ये उतारूंइतकेच संगणक बसायला लागले होते. दाराला एक, ब्रेकला एक, समोरच्या पाटीला एक, आणि बस कुठं आहे ते मोबाइलच्या जाळ्यातून कंपनीला कळवणारा आणखी एक. या सगळ्यांचं बाहेरच्या माणसापासून रक्षण कसं करायचं, याचा जगभरचा नियम तेव्हा ठरत होता, अजून छापून आला नव्हता. त्याचे खर्डे आमच्याकडं यायचे. कंपनीनं मला सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं आणि हे काम माझ्या गळ्यात घातलं.

गाडी बनवणाऱ्यानं आधी हल्ला करणाऱ्याच्या जागी बसून विचार करावा, असं त्या खर्ड्यांचं सांगणं होतं. आम्ही ते अगदी शब्दशः घेतलं. टेबलाच्या टोकाला, दाराजवळ एक खुर्ची ठेवली. तिला सगळे चोराची खुर्ची म्हणायचे. आठवड्याला एकानं तिथं बसायचं आणि बस कशी लुबाडणार ते सांगायचं. बाकीच्यांनी त्या हल्ल्याला गुण द्यायचे. चोराला माहिती किती लागेल, हत्यारं कोणती, वेळ किती, संधी कितपत मिळेल. चोराला जे सोपं, त्यापासून धोका मोठा. तो तक्ता मी बसवला होता.

पहिल्यांदा हेमंत बसला. काय करणार विचारलं तर म्हणाला, "हॅक करणार." कसं, ते त्याला सांगता येईना. मग एकेक जण बसला आणि सगळे तसलंच काहीतरी बोलले. आम्ही सगळे सरळमार्गी माणसं, चोर आम्हाला फक्त सिनेमातला ठाऊक. मग रेवण माने बसला आणि सगळे लिहून घ्यायला लागले. तो सोलापूरचा, तिशीतला, अंगानं काटकुळा, बोलायला हळू. त्या खुर्चीत बसला की त्याला यंत्रं दिसायचीच नाहीत. बसच्या आसपासची माणसं दिसायची. कोण कुठं बघतो, कुठं बघत नाही, कुणाला अडवतात, कुणाला नमस्कार करतात.

"बास," हेमंत म्हणाला होता. "आता हाच कायमचा चोर."

रेवणनं विचारलं, "मीच का?"

"तुला जमतं म्हणून," मी म्हटलं.

"जमतं खरं," तो म्हणाला. "फक्त आमच्या घरी कळू देऊ नका."

सगळे हसले. मीही हसले. त्याच्या वाढदिवसाला पोरांनी त्याला काळे-पांढरे पट्टे असलेला टीशर्ट आणला आणि तो त्यानं दिवसभर घातला. कँटीनमध्ये "या, चोर साहेब" म्हणून त्याला जागा करून द्यायचे. तो खूश असायचा. इतका खूश, की मला त्याचं थोडं नवल वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्या नव्या बस एका शहराच्या परिवहन सेवेकडं चाचणीसाठी गेल्या. एके दिवशी सकाळी डेपोत त्यांतली एक बस चालू होईना, आणि तिच्या कपाळावरच्या पाटीवर मार्गाच्या नावाऐवजी अक्षरं झळकत होती : आज सुट्टी आहे. कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावभर झाला.

लोक हसले. आमच्या पायांखालची जमीन सरकली. बसमध्ये नवा प्रोग्राम घालायचा तर आकड्यांची एक लांबलचक ओळ दाखवावी लागायची. तिला आम्ही किल्ली म्हणायचो. ती दाखवली की बस समोरच्याला आपल्याच कंपनीचा माणूस समजायची. ज्यानं पाटी बदलली त्याच्याकडं किल्ली होती. आज पाटी बदलली, उद्या तो ब्रेकपर्यंत पोचला असता. माझ्या डोळ्यांपुढून घाटातला उतार हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचे प्रकल्पप्रमुख पाठारे साहेब यांनी मला खोलीत बोलावलं.

"आतल्याच कुणीतरी किल्ली बाहेर दिलीय," ते म्हणाले. "पोलिसांत तक्रार केली. आम्ही इकडं तुमचाच तक्ता वापरला मॅडम. माहिती, हत्यारं, वेळ, संधी. प्रत्येक माणसाला गुण दिले."

"माणसाला?" मी म्हटलं. "तो तक्ता हल्ल्यांसाठी आहे. माणसांसाठी नाही."

"तत्त्व तेच की. मान्यांना सगळ्यांत जास्त गुण पडले. त्यांचा फोन आणि लॅपटॉप काढून घेतलाय. तपास होईपर्यंत ते गेटजवळच्या खोलीत बसतील."

"मला किती पडले?"

"तुमचे काढले नाहीत."

"का? किल्ली माझ्याकडंही आहे."

"काहीतरीच काय मॅडम."

"हेमंतला किती?"

"हेमंत तसा मुलगा नाही."

"आणि रेवण तसा आहे?"

पाठारे वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं मी कुठं म्हणतोय? पण त्याला चोरासारखा विचार करता येतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुम्हीच त्याला तिथं बसवलंत."

मी भांडले. आवाज चढवून भांडले, आणि त्या खोलीत मी पूर्वी कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं, आणि निर्णय होता तसाच ठेवला.

गेटजवळच्या खोलीत एक बाकडं होतं आणि भिंतीवर बसचं मोठं चित्र. रेवण बाकड्याच्या कडेला बसला होता, निम्मं बाकडं रिकामं ठेवून. मी माझा डबा त्याच्यासमोर उघडला. त्यानं पोळीचा एक तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"होईल सगळं नीट," मी म्हटलं. "तपासात काही सापडणारच नाही."

"सापडायला लागत नाही मॅडम," तो म्हणाला.

मला वाटलं, राग बोलतोय. "घरी कळवलंस का?"

"नाही."

"कळव की. वडील आहेत ना? ते आले तर तुला धीर येईल."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लहान मुलाकडं पाहतात. "आबा आले तर काय करतील ते तुम्हाला ठाऊक नाही," तो म्हणाला. "त्यांना यात ओढायचं नाही. एवढं एक मला सांभाळायचंय. नोकरी काय, दुसरी मिळेल."

म्हातारा तापट असेल, गेटवर तमाशा करेल, असं मी मनाशी धरलं. हेमंत दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि आत न येता परत गेला. कँटीनमध्ये त्या दिवशी रेवणचं नाव कुणी काढलं नाही. नाव न काढता सगळे त्याच्याचबद्दल बोलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उलगडा झाला, आणि तो इतका साधा होता की पाठाऱ्यांनी तो दोनदा ऐकून घेतला. आमच्याच सर्व्हिस विभागातल्या एकानं, डेपोतल्या मेकॅनिकला सारखा कंपनीला फोन करावा लागू नये म्हणून, किल्ली त्याच्या मोबाइलवर पाठवून दिली होती. मेकॅनिकनं ती सोयीसाठी डेपोच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपवरच्या कुणाचा तरी कॉलेजात जाणारा भाचा हुशार होता, त्यानं गंमत केली. चोरी झालीच नव्हती. किल्ली आम्हीच वाटली होती.

"मान्यांना मीच सांगतो," पाठारे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आधी मी जाते," मी म्हटलं, आणि गेटकडं जवळजवळ पळत सुटले.

गेटवर सुभेदार शेलार होते. लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडं सुरक्षा अधिकारी झालेले. त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"बरं झालं मॅडम, तुम्ही आलात. हे म्हातारबुवा पहाटेच्या गाडीनं सोलापूरहून आलेत. काय बोलतात मला समजेना."

खुर्ची दिलेली असून म्हातारा जमिनीवर उकिडवा बसला होता. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, शेजारी कापडी पिशवी. मला पाहून तो उठला आणि त्यानं हात जोडले.

"बाई, पोरानं काय केलं न्हाई," तो म्हणाला. "चोरी म्या केली. मला घ्या. त्याला सोडा."

मी शेलारांकडं पाहिलं. ते म्हणाले, "अर्धा तास हेच चाललंय." मग म्हाताऱ्याकडं वळून त्यांनी मऊपणानं विचारलं, "बाबा, काय चोरलं तुम्ही?"

म्हातारा विचारात पडला. त्यानं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं.

"काय गेलंय?" त्यानं विचारलं.

शेलारांनी माझ्याकडं पाहिलं.

"जे गेलंय ते म्याच न्हेलं," तो म्हणाला. "लिव्हा तुमी. म्या अंगठा देतो." त्यानं पिशवी उचलून दाखवली. आत एक जास्तीचं धोतर होतं, पंचा, आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. तुरुंगात जायच्या तयारीनं आला होता तो. पोलिसांनी पत्ता पडताळायला सोलापूरला फोन केला होता आणि तिथला एक हवालदार त्यांच्या दारात जाऊन चार प्रश्न विचारून आला होता. एवढंच झालं होतं.

"आबा, ऐका," मी म्हटलं. "काही गेलेलं नाही. तुमच्या मुलानं काही केलेलं नाही. आत्ताच कळलंय. तो घरी जाऊ शकतो."

"व्हय," म्हातारा समजूतदारपणे म्हणाला. "आदी आसंच म्हणत्यात. मंग रातच्याला येत्यात."

आवाज ऐकून रेवण खोलीच्या दारात आला होता. वडिलांना पाहिल्यावर तो तिथंच भिंतीला टेकला. मग सावकाश पुढं आला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"आबा, इथं तसं नसतं," तो म्हणाला.

"कुटं नसतं?"

"इथं. ही कंपनी आहे. शिकलेली माणसं आहेत."

"मंग तुला कोंडून का ठिवलंय?"

शेलार दुसरीकडं पाहू लागले. म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शेलारांनी चहा मागवला. म्हातारा फाटकाकडं तोंड करून चहा प्यायला लागला आणि रेवण माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आबांचा जन्म सेटलमेंटमधला," तो हलक्या आवाजात म्हणाला.

सोलापूरला माझी मावशी राहायची. सेटलमेंट हे तिथल्या एका वस्तीचं नाव, एवढंच मला ठाऊक होतं. मी तसं म्हटलं.

"वस्तीच ती. पण तारेच्या आतली. इंग्रजांनी काही जमाती सगळ्याच्या सगळ्या चोर ठरवल्या होत्या मॅडम. जन्माला आलेलं मूलसुद्धा. रोज हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास काढायचा. स्वातंत्र्यानंतर तार निघाली. पण कुठं काही गेलं की पोलीस आमच्याकडंच यायचे. पोरांना न्यायचे. म्हणून आबा पुढं व्हायचे, मी केलं म्हणायचे. आबा कामासाठी परगावी जातात असं मला शाळेत असताना वाटायचं."

"आणि आम्ही तुला त्या खुर्चीत..." मी म्हटलं.

"नाही, तिथं बरं वाटायचं," तो म्हणाला. "चोर म्हटल्यावर लोक हसतात, टाळ्या देतात, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाटलं, संपलं ते सगळं. आता नुसता खेळ उरला."

तेवढ्यात पाठारे साहेब आले, मागून हेमंत. म्हाताऱ्यानं साहेबाला पाहून टोपी काढली. पाठाऱ्यांनी रेवणचा हात हातात घेतला. "माने, गैरसमज झाला. मी तुमची माफी मागतो. सोमवारपासून नेहमीसारखे या."

"ठीक आहे सर," रेवण म्हणाला.

"सॉरी यार," हेमंत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. रेवणनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जणू त्यालाच धीर हवा होता.

"चला आबा," रेवण म्हणाला.

म्हातारा हलला नाही. "कागद घे," तो म्हणाला.

"कसला कागद?"

"चोरी केली न्हाई म्हणून. वाटेत कुणी धरलं तर काय दावायचं?"

पाठारे गोंधळले. "आजोबा, तशी काही पद्धत नाही. काही झालंच नाही तर कागद कशाचा देणार?"

म्हाताऱ्यानं मान हलवली, पटल्यासारखी, आणि तो पुन्हा जमिनीवर बसला.

मी रेवणकडं पाहिलं. त्याच्या मानेची शीर ताठली होती. तीन दिवसांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. मग ती सैल पडली.

"लिहून द्या मॅडम," तो म्हणाला. "त्याशिवाय ते उठायचे नाहीत."

"रेवण, नको," मी म्हटलं. "तुझ्याबद्दल असलं मी लिहायचं?"

"लिहा. कंपनीच्या कागदावर लिहा."

शेलारांनी टेबलाच्या खणातून कागद काढून दिला. मी पेन उघडलं आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी रेवणनंच सांगितलं आणि मी लिहीत गेले. रेवण यल्लप्पा माने, राहणार सोलापूर, आमच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याने चोरी केलेली नाही. त्याला कुणी अडवू नये. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता, माझं लिहून होईपर्यंत. त्याचा आवाज नेहमीसारखा हळू आणि स्पष्ट होता, फक्त तो भिंतीकडं पाहून बोलत होता.

मी सही केली.

"शिक्का," म्हातारा म्हणाला.

शिक्का मुख्य कचेरीत असायचा. हेमंत धावत जाऊन घेऊन आला. पाठाऱ्यांनी स्वतः तो उमटवला, नीट दाबून, आणि कागद दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला दिला. त्यानं तो वाचला नाही. त्याला वाचता येत नव्हतं. शिक्क्यावर बोट फिरवून शाई वाळल्याची खात्री केली, घडी घातली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. मग मला वाकून नमस्कार केला. मी त्याला थांबवायला पुढं झाले, पण तो वाकलेला होता.

रेवणनं माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला सोसला असता. अनोळखी माणसानं आपलं काही काम करून दिलं की आपण जसं पाहतो, तसं होतं ते.

सोमवारी तो आला नाही. राजीनामा टपालानं आला, कारण घरगुती. मी फोन केले, ते त्यानं घेतले, तब्येत विचारली, आणि दरवेळी लवकर ठेवले. पुढं तो बंगळूरला गेल्याचं हेमंतकडून कळलं, मग तेही कळेनासं झालं. तो जगभरचा नियम पुढं रीतसर छापून आला. आता सगळे कारखाने त्याबरहुकूम चालतात, बस अधिक सुरक्षित झाल्यात, आणि त्यात मी केलेलं काम आहे, हे मला नातवंडांना सांगायला आवडतं. रेवणचं मी त्यांना सांगत नाही.

कागद दिला त्या दिवशी मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले होते. बसथांब्यापर्यंतचा रस्ता सरळ होता, त्यामुळं ते दोघं बराच वेळ दिसत होते. ऊन रणरणत होतं. रेवण पिशवी घेऊन पुढं चालला होता आणि म्हातारा त्याच्या मागं, भरभर, पोरगा नजरेआड होऊ नये अशा बेतानं. दुसरी पाळी सुरू व्हायची वेळ होती. समोरून कामगारांचे घोळके येत होते, आपापसांत हसत, कुणाचंही लक्ष नसलेले. जो कुणी जवळ येईल, त्याच्यासाठी म्हाताऱ्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडं जात होता.